तांदळाचं धुवण

म्हसळा, शुक्रवार, १९ सप्टेंबर. संध्याकाळ.

सभा गाजवणाऱ्यांनो, मीही तुमच्यातलाच! सडा वाचवा म्हणत आपण टाळ्या घेतल्या आणि सड्यावर, त्या कातळपठारावर, चिरेखाण झाली.

खणण्याआधी तिथल्या दवबिंदूचं, म्हणजे किडे खाणाऱ्या त्या इवल्या झाडाचं, बी कागदात बांधून आणलं होतं. आईस्क्रीमच्या डब्यात पेरलं, फक्त पावसाचं पाणी दिलं. सात रोपं आली. आज डब्यात पांढरी बुरशी.

आईला विचारलं.

"मरतुकडी दिसत होती रे. रोज तांदलाचं धुवण घातलं. मिरचीला मानवतं, ह्यांना का न्हाय?"

"खताने मरतात ती!" ओरडलो. तेही सभेच्या आवाजात.

"अख्ख्या तालुक्याला सांगत फिरतोस. मला कधी सांगितलंस?"

नाही सांगितलं. विसरलो? की तिला काय कळणार, असं वाटलं? मी, समतेवर तासभर बोलणारा!

पुन्हा डबा पाहिला. बुरशी कडेपर्यंत गेली आहे. एकच रोप अजून लाल आहे. जगेल असं वाटत नाही. बी संपलं, सडाही संपला.

उद्या भाषण नको. सकाळी आईला डब्याजवळ बसव, सगळं नीट सांग, आणि पागोळीचं पाणी तिच्याच हातून घालून घे.