खालच्या ओळी

आभा,

डाळ खाली लागली आहे, वरवरची काढून घे. कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगून गेलीस, पण मला एकही ऐकू आली नाही. वास आला तेव्हा गॅस बंद केला.

आता तू रात्री आम्हा सगळ्यांना लावून देतेस त्या सिनेमांबद्दल. परवाचा मल्याळम पोलीस अडीच तास नुसता चहा पितो आणि खुनी आपणहून येऊन कबुली देतो! कोरियन आजीचा बरा होता, पण ती गेल्यावर संपवायचा ना, पुढे उगाच ताणलाय. ‘हिला आपल्या भाषेतलं काही चालतच नाही,’ असं मी तुझ्या नवऱ्याजवळ कुरकुरलोही.

काल पाणी प्यायला आलो, तर तू ओट्याला टेकून, कानात ती बोंडकं घालून, मोबाईलवर मराठी सिनेमा बघत एकटीच खिदळत होतीस. मला बघून पटकन बंद केलास. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. परक्या भाषेतला सिनेमा असला की खाली इंग्रजीत संवाद येतात, सगळेच ते वाचतात, आणि सासऱ्याला ऐकू येत नाही हे कुणाला बोलावं लागत नाही.

वर्षभर हे केलंस पोरी, आणि एकदाही बोलून दाखवलं नाहीस.

एसटी स्टँडजवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे चाललोय. नवऱ्याला कळवू नकोस, तो गाडी घेऊन मागे येईल.

रात्री तुझा तो मराठी सिनेमा पहिल्यापासून लाव. मला नाही ऐकू आलं, तर तू हसलीस की मीही हसेन.

– बाबा