लाजवर्दाला भोक पाडताना

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनातच). तुझी कंबर कशी आहे? कवळी टोचत असेल तर मला सांगू नकोस. हात थरथरायला लागले आणि दवाखान्याला कुलूप लावलं, हे तुला ठाऊकच आहे.

ताई, मी सध्या पार भारावून गेलोय. संग्रहालयात प्राचीन इजिप्तमधला गळाभर हार पाहिला. लाजवर्दाचा गडद निळा, अकीकाचा तांबडा, फिरोजाचा हिरवट निळा! तीन हजार वर्षांत रंग तसूभर उतरलेला नाही (मी बसवलेले दात तिसऱ्या वर्षी पिवळे पडायचे). आणि मण्यांची भोकं! वीज नाही, भिंग नाही, नुसता दोरीने फिरवायचा सामता, तरी भोक सुईएवढं आणि आरपार सरळ. चाळीस वर्षं दात कोरलेला मी काचेसमोर आ वासून उभा राहिलो. पहारेकऱ्याला वाटलं मला चक्कर येतेय, त्याने खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीतच ठरवलं, हात आणखी बिघडायच्या आत असा एक हार बायकोसाठी करायचा. दवाखान्यात जन्मभर ती शेजारी दिवा धरून उभी राहिली, आणि मी तिला साधा मणीसुद्धा आणून दिला नाही.

खडे आणले, माळ्यावरचं ड्रिल काढलं. सवयीने आधी सगळे खडे निर्जंतुक करायला वाफेच्या भांड्यात घातले (हसू नकोस). झाकण उघडलं तर पाणी निळंशार आणि फिरोजे पांढरेफटक, थेट दाढांसारखे! दुकानदाराने रंगवलेले खडे गळ्यात मारले होते. दुसरे आणले. मग अकीक टणकन उडून कपाटाखाली गेला आणि लाजवर्दाचे दोन तुकडे झाले. त्या जुन्या कारागिरांपुढे मी अक्षरशः हात टेकले.

पण हार झाला. साठ मणी. खिडकीपाशी धरला आणि डोळ्यांत पाणीच आलं. इतकं सुंदर काही आमच्या घरात कधी घडलं नव्हतं.

तुझा,
दाताड्या

ता. क. साठातल्या सत्तावन्न मण्यांना भोकं तिने पाडली. दोन दिवस दारातून माझी फजिती पाहिली, मग ड्रिल काढून घेत म्हणाली, "सरका. दिवा धरा." ताई, काय हात आहे गं! जराही हलत नाही. चाळीस वर्षं शेजारी होता, मी पाहिलाच नाही.

आणखी एक. शेवटचा मणी ओवताना तिने विचारलं, "एवढं कुणासाठी?" 'तुझ्यासाठी' हे या वयात तोंडातून निघेना. घाबरून म्हणालो, "ताईसाठी." तिने कापसात गुंडाळून पार्सल टाकलंसुद्धा. तुझ्या पाया पडतो, निळा शोभत नाही म्हण, मान अवघडते म्हण, काहीही म्हण, पण तिच्या नावाने परत पाठव. गुंडाळण्याआधी तिने तो आरशासमोर गळ्याला लावून पाहिला होता. बराच वेळ.