नाव न सांगायचं मूळ

डॉ. हेमलताताई,

मघाशी तुम्ही विचारलंत, "आबा, गुंताबाईंना घरचं काही देता का?" मी "नाही" म्हणालो. ते खोटं होतं.

केमोनं किडनी बिघडू नये म्हणून माझा मेहुणा वेस्ता यावलच्या जंगलातून एक मूळ आणून देतो. नाव उच्चारलं की गुण जातो, एवढीच त्याची अट. रोज सकाळी, शाळेत शिकवलेल्या कविता गुणगुणत, मी बायकोला त्याचा काढा पाजतो. ती हसते, "तुम्हनी कवितापेक्षा काढा गोड शे."

आज रक्तातलं क्रिएटिनिन दुप्पट झालंय, म्हणजे किडनी बिघडतेय. काढ्यानं तिला सावरलं की बुडवलं, मला कळत नाही. नावाशिवाय तुम्हालाही कळणार नाही, आणि उद्या केमोचा पुढचा डोस आहे.

हे पत्र इथंच थांबवतो. मूळ पिशवीत घेऊन, नाव सांगायला तुमच्याकडे निघालोय. गुण गेला तर जाऊ दे.

ईश्वर मास्तर