उकळलेली चड्डी

आई,

तिघंही बरी आहोत. हे आधीच लिहिते, नाहीतर तू पत्र शेवटापासून वाचायला घेशील.

लंगोटावरून घालायच्या तुझ्या चारही लोकरी चड्ड्या मिळाल्या. त्या रोज धुवायच्या नाहीत, नुसत्या वाऱ्यावर टाकायच्या. पंधरा दिवसांनी कोमट पाण्यातून काढून लोकरीचं मेण चोळायचं, म्हणजे ओल बाहेर येत नाही. तुझ्या जावयांना दहादा सांगितलं, भिंतीवर लिहून चिकटवलं. तरी काल त्यांनी एक चड्डी लंगोटांबरोबर उकळली. म्हणे, "न धुतलेलं बाळाला घालायचं, मला नाही पटत."

आटून मुठीएवढी झाली. तू महिनाभर चष्मा पुसत विणलेली, आणि यांनी एका सकाळीत वाट लावली. मी इतकी बोलले की शेजारीण डोकावून गेली.

"बघा आता कशी बसते ती," म्हणत रागारागात तीच छकुलीला चढवली. आई, अगदी नीट बसली. बाकीच्या तिन्ही अजून गळून पडतात, नाडी आवळली तरी.

नर्स म्हणते, वजन वाढतंय, पण सावकाश. तू जिवाला लावून घेऊ नकोस. गुडघा कसा आहे?

आणि मोठ्या मापाची विणायला घेतलीस ना, ती उसवू नकोस. सावकाश विण. लागेल ती.

तुझी तापट लेक