धाकटीसाठी सुट्टी मागू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कवळ्या बनवणे, आज पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मुलाचा आईपेक्षा कागदावर जास्त विश्वास. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझ्यावर दडपण आणू शकेल असे माणूस या घरात एकच, माझी धाकटी मुलगी, आणि ती सध्या कोर्टाच्या हुकुमाने व्यसनमुक्ती केंद्रात आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळ्यांविषयी फार गोड लिहिले होते.

१. हत्यारे. पॉलिशची मोटर, मेणाच्या सुऱ्या, साचे आणि दातांच्या रंगांच्या पट्ट्या धाकटीला द्याव्यात. रंग जुळवण्यात तिच्यासारखी नजर मी या धंद्यात दुसरी पाहिली नाही. मात्र कारखान्याची किल्ली तिला केंद्रातली मुदत पूर्ण झाल्यावरच द्यावी, आणि त्याआधी दिव्याचे स्पिरिट घराबाहेर काढावे. का, ते विचारू नये.

२. माझ्या थोरल्या दिरांना, म्हणजे भाऊजींना, त्यांच्या तोंडात आहे ती कवळी कायमची देते. ती मी मजुरी न घेता केली होती. धाकटीला केंद्रात पाठवावे म्हणून मी कोर्टात केलेल्या पहिल्या अर्जाच्या सुनावणीत तीच लावून त्यांनी शपथेवर सांगितले, "आमच्या घराण्यात कुणी पीत नाही हो, साहेब. पोरगी जरा हळवी आहे, एवढंच." कवळी उत्तम बसली होती. एकही शब्द अडखळला नाही.

३. मोठ्या मुलाला काहीही नाही. कारण देते. त्या सुनावणीच्या सकाळी धाकटीचे हात थरथरत होते. चारचौघांत शोभा नको म्हणून मोठ्याने तिला थर्मासमधून चहा पाजला. त्यात चहा नावालाच होता. घरी आल्यावर तो थर्मास मीच धुतला, म्हणून मला माहीत. वर लवंगा चघळायला दिल्या. धाकटी कोर्टात सरळ उभी राहिली, छान बोलली, हसलीसुद्धा. साहेब मला म्हणाले, "बाई, मुलगी तर ठणठणीत आहे. तुमचेच हात थरथरतायत." अर्ज फेटाळला. बाहेर आल्यावर मोठा म्हणाला, "बघ, वाचली की नाही अब्रू?" बहीण पीत नाही हे तिला पाजून सिद्ध करणारा अक्कलवंत शोधून सापडला नसता. तो माझ्या पोटी आला.

४. जावई. हा लिफ्ट दुरुस्त करतो. धाकटीशी त्याचा घटस्फोट कधीच झाला, तरी मी त्याला जावईच म्हणते. माणूस अत्यंत कंटाळवाणा. एकच गोष्ट चार वेळा सांगतो आणि चारही वेळा सारखीच सांगतो. दुसऱ्या अर्जाच्या वेळी हाच गुण कामी आला. मोठ्याने लावलेल्या वकिलाने त्याला खोचून विचारले, "तुम्हाला सूड घ्यायचाय, हो ना?" तो म्हणाला, "नाही. ती पिते. एकदा झोपेत उलटी होऊन गुदमरली, मरता मरता वाचली. मी तिथे होतो." वकिलाने उलटसुलट विचारून पाहिले, याने तेच सांगितले. धाकटी माझ्याकडे बोट दाखवून ओरडली, "मी ओळखत नाही या बाईला!" हुकूम झाला. महिला पोलीस तिला घेऊन गेल्या तेव्हा मी बाकावर बसून रडले. हेही लिहून ठेवते, नाहीतर भाऊजी सांगत फिरतील की म्हातारी दगड होती.

असा अर्ज रक्ताच्या नात्याने किंवा एकाच घरात राहणाऱ्याने करायचा असतो, असे माझ्या वकीलबाई सांगतात. माझ्यामागे तिच्या रक्ताचे नाते म्हणजे भाऊजी, ज्यांची साक्ष वर लिहिलीच आहे, आणि मोठा. त्याच्यावर मी एक मांजरही सोपवणार नाही. म्हणून घर असे देते: वरचा मजला धाकटीला, हयातभर. खालचा मजला जावयाला, तो तिथे प्रत्यक्ष राहील या अटीवर. स्वयंपाकघर एकच ठेवावे, मध्ये भिंत घालू नये, म्हणजे कोर्टात दोन घरे आहेत असे कोणाला म्हणता येणार नाही. त्यांनी परत लग्न करावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. तिने परत बाटली धरली तर त्याने दुसऱ्या दिवशी अर्ज करावा, एवढेच. धाकटी चिडेल. वरच्या दाराला आतून कडी आहे, तिने ती लावून घ्यावी.

५. बँकेतली ठेव केंद्राच्या फीसाठी आहे. ती थेट केंद्राला जावी. मोठ्याच्या हातून नको, धाकटीच्या तर नकोच.

६. माझे शेवटचे. मागच्या खेपेला धाकटी केंद्रात चांगली सावरत होती. तेवढ्यात भाऊजींच्या नातीचे लग्न निघाले. घरची मुलगी दिसली नाही तर लोक काय म्हणतील, म्हणून मोठ्याने कोर्टातून तिच्यासाठी एका दिवसाची सुट्टी मिळवली. लोक काहीच म्हणाले नाहीत. कोणीतरी तिच्यापुढे ग्लास मात्र केला. ती हॉलच्या जिन्यात पडलेली सापडली, आणि मला तिसरा अर्ज करावा लागला.

माझ्या हृदयाविषयी डॉक्टर जे बोलले त्यावरून तिची मुदत आधी संपेल की माझी, हे सांगता येत नाही. माझी आधी संपली तर मोठा पुन्हा सुट्टीचा अर्ज लिहायला बसेल, आईच्या अंत्यदर्शनाचे कारण देऊन. मातृछत्र हरपले, असेही त्यात घालील. माझी स्पष्ट सूचना आहे, सुट्टी मागू नये. मला तिच्यासाठी थांबवून ठेवू नये, उरकून टाकावे. मग जावयाने केंद्रात जाऊन तिला सांगावे. शब्द शोधत बसू नये, त्याला ते जमत नाही. आई गेली, एवढे म्हणावे आणि तिच्याजवळ बसून राहावे. ती मला शिव्या देईल. शेवटचे तोंडही पाहू दिले नाही म्हणेल, आणि ते खरेच असेल. देऊ द्याव्यात.

तिने मला शेवटचे पाहावे अशी माझी फार इच्छा आहे. तरीही सुट्टी मागू नये.

स्थळ: कारखान्याची मागची खोली
दिनांक: १९ नोव्हेंबर, दुपारी
सही: माझी, माझ्याच हातची

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर. सही केली.

साक्षीदार दुसरा: मोठा मुलगा. या मृत्युपत्रातून त्याला काहीही मिळत नसल्यामुळे साक्षीदार व्हायला तो अगदी योग्य आहे. त्याला सगळे वाचून दाखवले. तो म्हणाला, "आई, असं लिहितात का कुणी?" मग सहावे कलम पुन्हा वाच म्हणाला. पुन्हा वाचले. सही केली.