मागच्या बाकावरून एक प्रश्न

बाबा,

तुमचा तो सिनेमा परवा पुन्हा पाहिला. काळा-पांढरा, अमेरिकेतला, तो उंच, ढगळ कोटातला तरुण वकील, जो पुढे त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होतो. आता तो फोनवर फुकट मिळतो. शारजात असताना त्याच्या कॅसेटसाठी तुम्ही व्हिडिओवाल्याच्या काय विनवण्या केल्या होत्यात! शेवटी त्यानं ती तुम्हाला देऊनच टाकली, कारण तुमच्याशिवाय ती कुणी नेतच नव्हतं. परवा मी तो पूर्ण नाही पाहिला. अर्ध्यावर मला इतका राग आला की फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला घेतली. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, सिनेमा भिकार आहे. भिकार नाहीये तो. पण राग कशाचा आला हे सांगायला मला तुम्हीच लागता, दुसऱ्या कुणाला ते कळायचं नाही.

शुक्रवारची दुपार. सुरमईचं जेवण झालेलं, एसी घरघरतोय, आई ओटा पुसतेय आणि तुम्ही व्हीसीआरसमोर मांडी घालून बसलेले. चिपळूणचे काका आलेले असतात. ते इंडस्ट्रियल एरियात लोखंडी कामाच्या वर्कशॉपमध्ये फोरमन, बायकोमुलं गावाला, म्हणून सुट्टीचं जेवण आपल्याकडे. त्यांचं इंग्रजी तुटपुंजं, म्हणून तुम्ही अख्खा सिनेमा मराठीत सांगताय, सगळ्यांचे आवाज काढून. कोर्टाचा सीन आला की तुम्ही उठून उभेच. ‘बघा हां आता, एकच प्रश्न विचारणार हा. एकच. आणि साक्षीदाराचं खोटं उघडं पडणार.’ काका म्हणतात, ‘वकीलसाहेब, त्याला बोलू तरी द्या की, मघापासून तुम्हीच बोलताय.’ आई आतून ओरडते, ‘अहो, तो झाला राष्ट्राध्यक्ष! तुम्ही आधी खालच्या दुकानात फोन करून गॅस मागवा, नाहीतर संध्याकाळचा चहा विसरा.’ मी सोफ्यावर लोळत म्हणते, ‘बाबा, ही इज सो स्लो.’ तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, ‘स्लो नाही गं, विचार करतोय तो. विचार करणारा माणूस तुला कधी बघायला मिळत नाही, म्हणून तसं वाटतं.’

साताऱ्याच्या कोर्टात तुम्ही बोलायला लागलात की बाहेरच्या चहावाल्याला ऐकू जायचं, असं आई अजून सांगते. मग घर चालेना, म्हणून दोन वर्षांसाठी म्हणून तिकडे गेलात. शारजात एका वकिलांच्या ऑफिसात तुम्ही लीगल असिस्टंट झालात. तिथलं कोर्ट अरबीत चालतं आणि उभं राहायला तिथली सनद लागते; तुमच्याकडे दोन्ही नाही, आणि त्यात कुणाची चूक आहे असंही नाही. तुम्ही इंग्रजीत मसुदा करायचात, शेजारच्या टेबलावरचे सुदानी गृहस्थ त्याचं अरबी करायचे, वकील तो कोर्टात द्यायचे, आणि तुम्ही फाईल मांडीवर घेऊन मागच्या बाकावर. तुमचा तो साताऱ्याचा आवाज उरला फक्त बिल्डिंगच्या वॉचमनसाठी. टाकीत पाणी नसलं की तुम्ही त्याची अशी काही उलटतपासणी घ्यायचात की तो बिचारा ‘यल्ला साब, यल्ला, अभी देखता’ म्हणत पळत सुटायचा. आम्ही पोट धरून हसायचो. आता मला त्यात हसण्यासारखं काहीच सापडत नाही.

आईनं परत जायचा विषय काढला की तुमचं एकच पालुपद, ‘अगं, हा आपला सुरुवातीचा भाग चाललाय. एवढं एक वर्ष जाऊ दे, मग साताऱ्याला पाटी लावतो की नाही बघ.’ हे तुमच्या डोक्यात त्या सिनेमानं भरवलं, आणि माझा राग आहे तो ह्यावर. बघणाऱ्याला आधीच ठाऊक असतं हा पुढे कोण होणार ते. म्हणून त्याची तोकडी विजार, मागून आणलेली पुस्तकं, फुटकळ खटले, सगळं गोड लागतं. ज्याचं पुढे काहीच होत नाही, त्याच्या सुरुवातीवर कोण मरायला सिनेमा काढणार आहे? तुम्ही पंचेचाळिशी ओलांडलीत तरी सुरुवातीच्याच भागात होतात, बाबा. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, की कळत होतं आणि तरी म्हणत होतात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग काकांचं प्रकरण झालं. वर्कशॉपमध्ये गर्डर उचलताना साखळी तुटली आणि खाली उभा असलेला वेल्डर जागच्या जागी गेला. निष्काळजीपणाचा ठपका फोरमनवर. काकांचं म्हणणं, साखळी झिजलीय हे मी मॅनेजरला सांगितलं होतं, तो म्हणाला आजचा दिवस चालवून घे. मॅनेजर म्हणाला, साखळी चांगली होती, मला कुणी काही बोललं नाही. जामिनावर सुटल्यावर काका आपल्या स्वयंपाकघरात बसलेत, पुढ्यातले पोहे गार होतायत, हे मला आत्ता दिसतंय. ‘वकीलसाहेब, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे,’ म्हणाले. कसले निर्धास्त, तीच हकीकत तिसऱ्यांदा सांगत होते. बोलता बोलता त्यांच्याकडून निघालं की मॅनेजरनं अपघाताच्या आदल्याच दिवशी स्टोअरला फोन करून नव्या साखळीची चौकशी केली होती. तुम्ही ताडकन उठलात. ‘बास! साखळी चांगली होती, तर नव्या साखळीची चौकशी कशाला केलीत? एवढंच विचारायचं. एवढंच!’ केस तुमच्याच ऑफिसकडे होती. तुम्ही मसुद्यात हा प्रश्न घातलात. वकील म्हणाले, आहेत ते मुद्दे पुरेत, लांबण नको, इन्शाल्ला सगळं ठीक होईल.

तारखेच्या दिवशी शाळेला सुट्टी होती, नंतर माझे बूट घ्यायचे होते, म्हणून तुम्ही मला बरोबर नेलंत. काका पुढे, जज्जसाहेबांकडे तोंड करून उभे. मॅनेजरची साक्ष दुभाष्यामार्फत झाली, तेच सगळं, साखळी चांगली होती. जज्जसाहेब काहीतरी बोलले, आपल्या वकिलांनी मान हलवली, सगळे कागद आवरायला लागले. आणि माझ्या शेजारून तुम्ही उभे राहिलात. ‘युअर ऑनर, वन क्वेश्चन, प्लीज.’ तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, बाबा. वॉचमनसाठीचा नव्हे, खरा. जज्जसाहेबांनी वर पाहिलं, चिडून नाही, आवाज कुठून आला ते न कळल्यासारखं. पोलीस आला, तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘बैठो, बैठो.’ चांगल्या बोलीनं म्हणाला. वकील मागे वळून दबक्या आवाजात म्हणाले, ‘खलास, खलास, सिट.’ तुम्ही बसलात. तुमचे ओठ हलत होते. प्रश्न तुम्ही पुरा विचारलात, फक्त आवाज काढला नाहीत.

काकांना शिक्षा झाली. काही महिने आत, आणि मग देशाबाहेर, कायमचे. तुम्ही त्यानंतर तो सिनेमा लावला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, टेप खराब झाली. झाली नव्हती, मी लावून पाहिली होती. आईनं पुन्हा साताऱ्याचं काढलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदाच ते पालुपद म्हटलं नाहीत. ‘तिकडे जाऊन आता काय बोलणार मी,’ एवढंच म्हणालात आणि पेपर वाचत बसलात. पुढची काही वर्षं तुम्ही ऑफिसला जात राहिलात, आणि मी पुण्यात कॉलेजला असताना तिथेच, खुर्चीत, कुणाच्या तरी भाड्याच्या तंट्याचा मसुदा करताना गेलात. साताऱ्याला आलात ते विमानाच्या कार्गोतून. कोर्टातले तुमचे जुने सोबती आले होते. एक म्हणाले, फार मोठा वकील झाला असता. त्यांना काय, सांत्वनाला काहीतरी बोलावं लागतं.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. गेल्या महिन्यात एका लग्नाला चिपळूणला गेले होते, तेव्हा पत्ता काढून काकांकडे गेले. थकलेत खूप. तुमचं नाव काढून डोळे पुसले, माशांची आठवण काढली, सिनेमाची काढली. मी मुद्दाम त्या तारखेचा विषय काढला. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. जगात कुणीतरी दुसऱ्यानं तुम्हाला उभं राहिलेलं पाहिलंय, एवढंच मला हवं होतं. काका म्हणाले, ‘त्या दिवशी मागे कोणीतरी ओरडला बघ. मी घाबरलो, म्हटलं आता जज्ज चिडणार आणि राग काढणार माझ्यावर. माझी पाठ होती, मला काय दिसणार? कोण होता मेला, कोण जाणे.’ मी चहा पीत राहिले. म्हटलं, असेल कोणीतरी.

तुम्ही हयात असतात तर तुम्ही मला हेच विचारलं असतंत, आडून आडून, दुसरीकडे बघत, की काकांना कळलं होतं का गं, मी उभा राहिलो ते? हे पत्र कुठे पोचणार असतं, तर मी लिहिलं असतं की हो बाबा, त्यांनी तुम्हाला पाहिलं होतं.