डुलूथला न्यायचं सामान

थीफ रिव्हर फॉल्स, मिनेसोटा
३ ऑगस्ट १९९३

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला त्याला तुझी भाची जबाबदार. ब्रिटाला डुलूथच्या वसतिगृहात राहायला जायला तीन आठवडे उरलेत, आणि घरात सामान बांधतंय कोण, तर मी एकटी.

कॉलेजकडून यादी आली. तिथल्या गाद्या म्हणे ऐंशी इंच लांब. मी आधीच दोन साध्या चादरी धुऊन, इस्त्री करून ठेवल्या होत्या, त्या गेल्या फुकट. इथल्या दुकानातल्या लांब चादरी संपलेल्या, म्हणून साठ मैल गाडी हाणत ग्रँड फोर्क्सला गेले. तिथे लेकीला विचारलं, निळी घेऊ की पिवळी. तर म्हणाली, झोपल्यावर डोळे मिटलेलेच असतात, कुठलीही घे. टेबलावरचा दिवा निवडेपर्यंत बाईसाहेब गाडीत जाऊन बसल्या होत्या.

आज तिनं भरलेला एकुलता एक खोका उघडून पाहिला. आत हॉकीत मिळालेला चषक, आपल्या मेलेल्या कुत्र्याचा पट्टा आणि लोणच्याची बरणी. टॉवेल एक नाही. ड्वेनला दाखवलं तर नवरा म्हणतो कसा, लोणचं घेतलंय ना, मग उपाशी नाही मरायची. बापलेक एका माळेचे मणी.

भाचीवरचा लोभ वाटल्यास आवर, माझ्यावरचा तेवढा राहू दे.

तुझी,
जनेल

स्पोकेन
९ ऑगस्ट

चि. जनेल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण कुंपणावरून डोकावली. सोबत पाठवलेली, तू केलेली सामानाची यादीही वाचली. तीन पानं? अगं, आपले आजोबा नॉर्वेहून बोटीनं आले तेव्हा त्यांनीही एवढं आणलं नव्हतं. सुईदोरा, दोन छत्र्या, शिवाय तुंबलेली मोरी मोकळी करायची तार. पोरगी शिकायला चाललीय की प्लंबिंग करायला?

रागावू नकोस, पण मला वाटतं हे सामान तू ब्रिटाचं बांधत नाहीयेस, तुझं बांधतेयस. अडुसष्ट साली जायचं राहिलं, ते. तिचं तिला बांधू दे. विसरलं काही, तर डुलूथला दुकानं आहेत.

ड्वेनला नमस्कार. ब्रिटाचा गालगुच्चा घे, घेऊ दिला तर. माझी माया तुम्ही तिघं वाटून घ्या, भांडू नका.

तुझी,
आर्डिस

थीफ रिव्हर फॉल्स
१६ ऑगस्ट

आर्डिसताईस नमस्कार.

तुला हसू आलं, छान झालं. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तू तिकडे नोकरीला लागली होतीस. तिला उचलून न्हाणीघरात न्यायचं, रात्री कूस बदलायची, हे माझ्या वाट्याला आलं. कॉलेजला येत नाही असं मीच कळवलं. त्याबद्दल मी तुला एका शब्दानं कधी बोलले नाही. पण माझं काय बांधायचं राहिलं हे तू हजार मैलांवरून मला सांगू नयेस.

इकडेही उजेडच आहे. परवा ब्रिटाची मोठी बॅग भरून ठेवली. तिनं येऊन ती पलंगावर उपडी केली आणि विचारलं, मला घालवायची तुला एवढी घाई का झालीय. तीन आठवडे मी राबतेय, त्याचं हे बक्षीस. तेव्हापासून आमचं बोलणं मीठ दे आणि दार लाव एवढ्यापुरतं.

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

जनेल

स्पोकेन
२० ऑगस्ट

चि. जनेल हिस,
आशीर्वाद.

चुकले. तसं लिहायला नको होतं. आईचं सगळं तू केलंस, आणि मी नाताळात येऊन पाहुणीसारखी जेवून जायचे. हे मला पंचवीस वर्षांपूर्वी म्हणता आलं असतं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. चौसष्ट साली मी कॉलेजला गेले तेव्हा माझ्याकडे पांघरूण नव्हतं. तिथे मिळेल असं वाटलं होतं. ऑक्टोबर संपेपर्यंत मी कोट अंगावर घेऊन झोपले. आणि दर रविवारी घरी पत्र टाकलं, सगळं छान चाललंय. कुणीतरी ते खोटं आहे हे ओळखावं असं फार वाटायचं. पण आईनं ती पत्रं चर्चमध्ये मैत्रिणींना वाचून दाखवली.

तेव्हा काय बांधायचं ते बांध. तारसुद्धा दे.

रागातून सवड मिळाली की आठवण काढ.

तुझी,
आर्डिस

थीफ रिव्हर फॉल्स
६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोडून आलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि त्या दिवशी नेमकं मरणाचं ऊन. ड्वेननं अकरा खेपा घातल्या. खोलीतली दुसरी मुलगी अजून यायची होती. मी मनाशी म्हटलं, तासाभरात लावून होईल.

पण जिला चादरीचा रंग सांगवत नव्हता तिला आता दिवा आधी या बाजूला हवा, मग त्या. पलंग खिडकीशी, मग भिंतीशी. बापाला खिळ्यांसाठी बाजारात पिटाळलं, आणले तर म्हणे आकडे हवेत. चार वाजले तसा माझा संयम सुटला. तीन आठवडे काडी हलवली नाहीस आणि आता आम्हाला नाचवतेस, असं मी चांगलं जोरात सुनावलं. तर हॉकीत दात पडला तेव्हा न रडलेली पोर तिथेच रडायला लागली. म्हणाली, सगळं जागच्या जागी लागलं की तुम्ही निघणार.

मी त्या ऐंशी इंची चादरीवर बसले. ड्वेन पलंग पुन्हा खिडकीशी सरकवू लागला. सहा वाजता निघालो.

काल रविवारी तिचा फोन आला. सगळं छान आहे म्हणाली. एरवी मी बरं म्हणून फोन ड्वेनच्या हातात दिला असता. काल खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, छान नाही ते सांग. मग सुरू झाली. दुसरी मुलगी घोरते. रसायनशास्त्राच्या वर्गाला जाताना दोनदा वाट चुकली. दुपारी जेवायला एकटीच बसते, आणि कुणी बघू नये म्हणून पुस्तक उघडून ठेवते. चाळीस मिनिटं बोलली. मी उपाय सांगितला नाही, जीभ आवरून ऐकत राहिले. ठेवताना म्हणाली, पुढच्या रविवारी पण असंच विचार.

ताई, चौसष्ट साली मी चौदा वर्षांची होते आणि माझ्या पलंगावर दोन पांघरुणं होती. तू लिहायला हवं होतंस.

इतकी वर्षं तुझ्या पत्रांत सगळं छान असायचं. यापुढे मी ते मानणार नाही. खरं काय ते कळव, आणि लोभ आहे तो वाढव.

तुझी,
जनेल